पहिला नंबर आलेली वाडी

नदीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तुम्ही मे महिन्याच्या सुट्टीत गाड्या काढून जाल, फाटकावर तिकीट फाडाल, उंचावर उभं राहून ‘काय सुंदर आहे हो’ म्हणाल आणि परत याल. मला ते नको आहे. एवढंच सांगते की नदी वाशीम जिल्ह्यात आहे, तिथल्याच मालेगावहून जीपनं जावं लागतं आणि तिचा बराच मोठा पट्टा आता राखीव झाला आहे. कुणी मला विचारलं की ट्रिप कशी झाली, तर मी म्हणते, जेवण चांगलं होतं. ते खोटं नाही.

मी सांगलीची. नवरा गेल्यापासून मुलं मार्गी लागेपर्यंत खानावळ चालवली आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर बंद केली. तोंडानं मी फटकळ आहे. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं, तरी ती यायची, कारण आमटी चांगली असायची. सांगायचं कारण असं की पुढे मी काही ठिकाणी वाकडं बोलणार आहे. ज्यांना गोड प्रवासवर्णन हवं असेल त्यांनी इथेच थांबावं.

मला नेलं माझ्या भाचीनं. मुक्ता माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, पुण्यात एका संस्थेत नोकरी करते. तिचं काम ऐकून मी आधी हसले होते. राखीव नदीकाठी फिरायला येणाऱ्या लोकांना कसला देखावा आवडतो, ते ती शोधते. पाणी आवडतं का वाळू, दाट झाडी आवडते का मोकळा काठ, खडक बरे वाटतात का गवत. त्या त्या जागांचे फोटो काढायचे, आलेल्या लोकांपुढे मांडायचे आणि म्हणायचं, आवडीप्रमाणे लावा. “याचा पगार देतात?” मी विचारलं. “देतात मावशी,” ती म्हणाली, “आणि दोघींची राहायची सोय पण करतात. चल, मला सोबत होईल.” मार्च संपत आला होता, सांगलीत करायला काही नव्हतं. निघाले.

मालेगाव

रात्रभराच्या बसबद्दल काय लिहायचं. हाडं मोजून घेतली आणि मालेगावला उतरले.

स्टँडसमोरच्या हॉटेलात आलूबोंडा खाल्ला. आपल्याकडचा बटाटेवडाच, पण इथे तो बशीत चटणीबरोबर देत नाहीत. वाटीत फोडून टाकतात, वरून गरम रस्सा आणि त्यावर लालभडक तर्री. मी खानावळवाली, दुसऱ्याच्या हातचं सहसा नावाजत नाही, पण दुसरी वाटी मागून घेतली.

हॉटेलवाला समोरच बाकड्यावर बसला. “कोनाकडचे पाव्हने जी तुमी?”

“कुणाकडचे नाही. नदी बघायला आलोय.”

“नदी?” त्याला वाटलं मी चेष्टा करते. “नदीत काय हाय सध्या? पावसायात या ना.”

सांगलीत असं परक्याला कुणी विचारत नाही. आमच्याकडे आधी पैसे घेतात, मग तुम्ही गेल्यावर शेजारच्याला विचारतात, कोण होती ही. इथे तोंडावर विचारतात. कुठल्या, कोणाकडे, कायले आल्या, मालक काय करतात, पोरं किती. पहिल्या दिवशी मला राग आला. नंतर माझ्या लक्षात आलं की विचारून झालं की ती माणसं तुम्हाला ओळखीची धरतात, आणि बस चुकली तर तोच हॉटेलवाला जीपवाल्याला हाक मारून देतो. आम्हाला त्यानंच जीप पाहून दिली.

शिरपूर जैन

उतरायची सोय शिरपूरला होती. तिथलं जैनांचं जुनं देऊळ प्रसिद्ध आहे, लांबलांबून यात्रेकरू येतात, त्यामुळे माडीवरच्या खोल्या भाड्यानं मिळतात. आमची खोली एका किराणा दुकानदाराच्या घरात होती. घरधनीणबाई मोठी अगत्याची, पण तिनं पहिल्याच दिवशी बजावलं की जेवण दिवस मावळायच्या आत आणि कांदा-लसूण घरात येणार नाही. सांगलीत आम्ही त्या वेळेला दुसरा चहा टाकतो. आणि कांद्याशिवाय माझ्या घरात फक्त दूध तापतं. पण मुगाचं घट्ट वरण, ज्वारीची पातळ भाकर, शेवेची भाजी, हिंगाची फोडणी असं तिनं वाढलं आणि मी मुकाट्यानं जेवले. उन्हं अजून भिंतीवर होती.

दुकानदार म्हणाले, “लहानपणी आम्ही नदीवर जायचो ते फक्त डांगरं खायला. नाहीतर उन्हाळ्यात त्या नदीवर बघायला काय आहे?”

आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पिठाचं तोंडीलावणं. इकडे खरबुजाला डांगर म्हणतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रात भोई लोक डांगर आणि टरबूज लावतात, त्या लागवडीला वाडी म्हणतात. हे सगळं मला तेव्हा कळलं. मुक्तानं डांगरांचं ऐकून फक्त मान हलवली. तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी काढायचे फोटो होते.

पात्रात

जीपवाल्यानं एका पांढऱ्या सपाट मैदानात गाडी उभी केली. मी उतरले, पदर डोक्यावर घेतला, इकडेतिकडे पाहिलं. “नदी कुठाय?”

“हे काय माय, नदीतच तं उभ्या हाय तुमी.”

आता बोला. मी कृष्णाकाठची. माझ्यासाठी नदी म्हणजे घाटाच्या पायरीला लागलेलं पाणी, आणि पावसाळ्यात तेच पाणी दुकानात. इथे पाऊण नदी वाळूच होती. पलीकडच्या काठाला, करंजाच्या झाडांच्या सावलीत पाण्याची एक बारीक धार आणि मधे मधे डोह. वाळू इतकी तापलेली की माझ्या चपलेचा अंगठा निसटला आणि पाय टेकला तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही, दुसरंच घेतलं.

मुक्ता ठरवलेल्या जागांचे फोटो काढत चालली. डोह, लव्हाळ्याचं बेट, खडकांची उतरण, पाणकावळे बसलेलं वाळलेलं झाड, नुसती वाळू. मी तुटक्या चपलेनं मागे. एका वळणावर काट्यांचं कुंपण दिसलं, आत हिरवंगार, आणि एक बाई खांद्यावर घागर घेऊन वाळूत खणलेल्या खड्ड्यातून येत होती.

“उन्हात कायले उभ्या राह्यल्या? या ना सावलीत,” ती म्हणाली. झोपडीत गेलो. बांबू, तुराट्या, वर निळी ताडपत्री. तिनं बाज टाकली, एक टरबूज उचललं आणि सुरी न शोधता बुक्कीनं फोडलं. मग मालेगावचे सगळे प्रश्न पुन्हा झाले.

तिचं नाव सुभद्राबाई. पन्नाशीची असेल, उन्हानं रापलेली, बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची सवय. नवरा नामदेवभाऊ पलीकडे वेलांना वाळू लावत होता. मुलगा माल घेऊन बाजाराला गेलेला, सून तान्ह्याला पाजत बसलेली. काठानं आणखी पाचसहा घरांच्या वाड्या होत्या.

“दिवाई झाली का पानी उतरते,” ती सांगायला लागली. “मंग आमी येतो. रेतीत नाल्या खनतो, खाली वल लागेपर्यंत. त्यात खत, मंग बी. पाऊस लागला का उठतो. पानी आलं का सारी वाडी धुतल्या जाते. पुढच्या साली नदी रेती जिथं टाकन तिथं पुन्ना लावाची.”

“दर वर्षी नवी जागा?”

“नदी काय एका जाग्यावर बसते का माय?”

मग तिनं मुक्ताकडे पाहिलं. “तुमी तेच फोटूवाले ना व? सायेबानं सांगतलं होतं येतीन म्हनून.”

आणि तिथं आम्हाला कळलं की वाडीच्या डोक्यावर काय टांगलेलं आहे. नदी राखीव झाल्यावर राखीव पट्टा सांभाळणाऱ्या साहेबांनी या घरांना बोलावून सांगितलं होतं की बघायला येणाऱ्या लोकांना जे पसंत पडेल ते राहील, जे पसंत पडणार नाही ते पुढच्या हंगामाआधी साफ होईल. फोटो दाखवून लोकांना विचारणार आहेत, तोपर्यंत थांबा. सुभद्राबाईंची माणसं थांबली होती.

“आमच्या वाडीचा घेतला का फोटू?”

मुक्तानं यादी काढून पाहिली. तिला पुण्याहून दिलेल्या जागांमध्ये वाडी नव्हती.

“काहून नाई घेतला? न दाखवता लोक पसंत कसे करतीन?”

बरोबर होतं तिचं. मुक्ता म्हणाली, “घेते. नक्की घेते. पण एक आहे, फोटोत माणूस चालत नाही. घर, सामान, काही नको. माणूस दिसला की बघणारा माणसाकडेच बघतो, देखाव्याकडे बघत नाही. असा आमचा नियम आहे.”

“असला कसला नियम,” मी म्हणाले.

सुभद्राबाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. “मानूस नाई पाह्यजे तं नाई. आमी बाजूले होतो. उद्या सकाऊन या, आज पसारा हाय.”

फोटो

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर झोपडी नव्हती.

मला आधी वाटलं रस्ता चुकलो. मग दरडीमागे बांबूंचा ढीग दिसला. त्यांनी पहाटेपासून झोपडी उसवून काढली होती. ताडपत्री गुंडाळलेली, बाज, चूल, घागरी, दोरीवरचे कपडे, तान्ह्याची झोळी, सगळं दरडीमागे. काट्यांचं कुंपणसुद्धा दिसणाऱ्या बाजूनं काढलं होतं. इतर घरांनीही तेच केलेलं. माझ्या घरी पाहुणे येणार म्हणून मी पसारा पलंगाखाली सारते, पण घरच सारलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“अहो झोपडी कशाला मोडली? तेवढी बाजूला ठेवून फोटो निघाला असता,” मी म्हणाले.

“लोक पायतीन ना बाई. झोपडं बेस नाई दिसत.” सुभद्राबाई घामेजून गेल्या होत्या पण खूश होत्या. “मांडाले काय वेळ लागते.”

राहिलेल्या घागरी मीही उचलून नेल्या. माझे हात त्यात लागलेले आहेत. शेवटी नामदेवभाऊंनी बाभळीची एक मोठी फांदी घेतली आणि उलट्या पावलांनी मागे सरकत वाडीभोवतीची वाळू झाडत आले. आमच्या, त्यांच्या, कुत्र्याच्या, सगळ्यांच्या पावलांचे ठसे गेले. त्यांना कुणी असं करायला सांगितलं नव्हतं. पाहुण्यांसाठी अंगण झाडतात तसं त्यांनी नदी झाडली.

मग सगळे दरडीमागे दबून बसले. तान्हं कुरकुरायला लागलं तर सुनेनं त्याला घाईनं पदराखाली घेतलं, नामदेवभाऊंनी त्याला ‘चूप, चूप’ केलं. फोटोत आवाज येत नाही हे कुणाला सुचलं नाही. मलाही नाही, मी पण श्वास धरून बसले होते.

फोटो सुरेख आला. पांढऱ्या वाळूवर हिरव्या वेलींच्या ओळी, वाऱ्यानं थोड्या विस्कटलेल्या, मधे पिवळी फुलं, मागे पाण्याची निळी धार. मुक्तानं तो पडद्यावर दाखवला तेव्हा नामदेवभाऊ बराच वेळ बघत राहिले. त्यांनी आपली वाडी अशी कधी पाहिली नव्हती, कारण ते कायम तिच्यात वाकलेले असायचे.

फाटकावर

पुढचे दिवस आम्ही राखीव पट्ट्याच्या फाटकाशी टेबल टाकून बसलो. गाड्या यायच्या, अकोल्याच्या, नागपूरच्या, शिरपूरला दर्शन करून वाकडी वाट करून आलेल्या. मुक्ता फोटोंचे गठ्ठे द्यायची आणि गोड आवाजात म्हणायची, आवडीप्रमाणे लावा. मी शेजारी बसून माणसं बघायची. जन्मभर गिऱ्हाईक बघितलंय, तेच काम.

लोकांना काय आवडतं ते मी तुम्हाला पुण्याच्या संस्थेपेक्षा कमी शब्दांत सांगते. लोकांना पाणी हवं, पण चिखल नको. झाडी हवी, पण आतलं दिसेल इतपत. लव्हाळ्याचा फोटो बायका खाली टाकायच्या, म्हणायच्या, इथे साप असतील. त्या लव्हाळ्यात पाणकोंबड्या अंडी घालतात, हे मुक्तानं मला आदल्या दिवशी दाखवलं होतं. पाणकावळ्यांचं वाळकं झाड सगळ्यांना अशुभ वाटलं. एका गृहस्थांनी सुचवलं की ते तोडून तिथं बाक ठेवावं. नुसत्या वाळूला लोक ओसाड म्हणायचे. थोडक्यात नदी हवी होती, पण मोजकी, पुसून ठेवलेली, आणि त्यांच्याखेरीज कुणाची नसलेली.

आणि वाडी. वाडीचा फोटो हातात आला की माणसं थांबायची.

“हे बघ, वाळूत आपोआप वेली उगवल्यात.”

“किती अनटच्ड आहे ना?”

“इथे कुणी पोचलंच नाही वाटतं. पायाचा ठसा पण नाही.”

पहिल्या दिवशी मला मौज वाटली. वाटलं, चला, सुभद्राबाईंचं काम झालं. दुसऱ्या दिवशी नागपूरचे एक गृहस्थ आले, बरोबर बायको आणि दोन मुली. वाडीचा फोटो त्यांनी सगळ्यांत वर ठेवला आणि मुलींना सांगायला लागले की निसर्गाला मोकळं सोडलं की तो असा फुलतो. मला राहवलं नाही.

“अहो, ती टरबुजाची वाडी आहे. लावलेली आहे. नाल्या खणून, खत घालून, घागरीनं पाणी देऊन.”

ते जरा गोंधळले. फोटो पुन्हा हातात घेतला, जवळून पाहिला. “असं होय. म्हणजे शेतीच झाली की.” आणि त्यांनी तो उचलून खालून दुसरा ठेवला, ओसाड वाळूच्या वर.

ते गेल्यावर मुक्ता माझ्यावर उखडली. ती सहसा आवाज चढवत नाही. “मावशी, फोटोबद्दल काही सांगायचं नाही असं मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि बघितलंस ना काय झालं? तू खरं सांगितलंस की त्यांची वाडी खाली जाते.”

 खरं सांगावं तर वाडी जाते, गप्प बसावं तर राहते, असा तो हिशोब दिसत होता. मी गप्प बसले. दिवसभर लोक ‘आपोआप उगवलंय’ म्हणत राहिले आणि मी त्यांना पाण्याचा ग्लास देत राहिले. रागानं माझं डोकं दुखायला लागलं.

काम संपलं तेव्हा वाडी पहिली आली होती. डोहाचा फोटो दुसरा, तोही बराच मागे.

रोडगे

निकाल सांगायला आम्ही स्वतः गेलो. झोपडी पुन्हा उभी होती, धूर निघत होता. मुक्ता म्हणाली, “सुभद्रामावशी, तुमची वाडी पहिली आली.”

सुभद्राबाईंनी दोन्ही हातांनी मुक्ताचा चेहरा धरला आणि बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. नामदेवभाऊ शेजारच्या वाड्यांवर सांगायला पळाले. परत येताना दहा-बारा माणसं बरोबर होती.

त्या संध्याकाळी रोडगे केले. हा पदार्थ आमच्याकडे नाही. कणकेचे जाड गोळे, आत पदर, ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बरोबर तुरीचं वरण आणि वांग्याची तेल सुटलेली भाजी. मी खानावळीत आयुष्य काढलं पण वाळूत बसून, पानावर, इतकं जेवल्याचं आठवत नाही. जेवायला कोणी घाई करत नव्हतं. आग्रहसुद्धा इथला वेगळा. आमच्याकडे ‘अजून थोडं घ्या’ म्हणतात, इथे न विचारता ताटात टाकतात आणि तुम्ही ओरडलात की समाधान पावतात.

“आमच्यातल्या कोनाचा शायेत नंबर नाई आला कधी,” नामदेवभाऊ म्हणाले. “वाडीचा आला.” सगळे हसले.

सुभद्राबाई माझ्याजवळ सरकल्या. “आता पुढच्या साली बी लावाचं ना बाई? म्हंजे मी बी धरून ठेवतो. चांगल्या फळाचं.”

“लावा की,” मी म्हणाले. मला दुसरं काय वाटणार होतं?

सभा

साहेबांनी सभा नदीवरच्या बंगल्याच्या आवारात घेतली. मांडव, खुर्च्या, भिंतीवर पडदा. साहेब माणूस सभ्य होते, हे मला लिहिलंच पाहिजे. सगळ्यांना चहा दिला, म्हाताऱ्यांना पुढे बसवलं. सुभद्राबाई जांभळी साडी नेसून आल्या होत्या, घडीच्या खुणा अजून तिच्यावर होत्या. माझ्या शेजारी बसल्या.

पडद्यावर वाडीचा फोटो आला, भिंतभर. वाडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब म्हणाले की पर्यटकांनी या स्थळाला प्रथम पसंती दिली आहे, त्यामुळे इथे निरीक्षण मनोरा उभारण्यात येईल आणि स्थळाचं नैसर्गिक स्वरूप अबाधित राखण्यासाठी संपूर्ण पात्र मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवण्यात येईल. चालू हंगामाचं उत्पन्न संबंधितांनी घ्यावं. पुढील हंगामापासून प्रवेश बंद.

वाडीवाल्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यांना ‘प्रथम पसंती’ एवढंच कळलं होतं.

सुभद्राबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “काय म्हनते जी सायेब?”

मी आयुष्यात पुष्कळांना कडू बोलले आहे. पण हे माझ्या तोंडून निघेना. “म्हणतात, पुढच्या वर्षी तुम्हाला नदीत येता येणार नाही.”

“पन वाडी पयली आली ना?”

“हो.”

“मंग?”

मुक्ता उभी राहिली होती. तिनं स्पष्ट सांगितलं की ही नैसर्गिक जागा नाही, या लोकांनी लावलेली वाडी आहे, ही माणसं नसतील तर हे दृश्यच राहणार नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “मॅडम, फोटो तुमचाच आहे. त्यात माणूस कुठे आहे? लोकांनी जे पाहिलं, त्याला पसंती दिली. माणसं असलेला फोटो तुम्ही दाखवला असता तर गोष्ट वेगळी.”

तेवढ्यात नामदेवभाऊ उठले. हात जोडलेले. साहेबांनी त्यांनाही बोलू दिलं. “तुमची वाडी नेमकी कुठं असते? जागा दाखवा. रीतसर हक्क असेल तर विचार करता येईल.”

नामदेवभाऊंनी खोटं सांगायला हवं होतं. कुठल्याही खडकाकडे बोट करून ‘इथून तिथपर्यंत’ म्हणायला हवं होतं. पण वाडीवाला असं बोट कसं करणार? “नेमकी कुठं कायची जी,” ते म्हणाले. “नदी देईन तिथं.”

“मग राखीव पट्ट्याच्या खाली करा की. नदी मोठी आहे.”

“खाली रेती कुठं राह्यली सायेब? ट्रकायनं नेली.”

साहेब म्हणाले की तो विषय त्यांच्या अखत्यारीत येत नाही. मग चहाचे कप गोळा करायला माणूस आला. सुभद्राबाई पडद्याकडे बघत होत्या. कुणीतरी वायर काढली आणि भिंत पांढरी झाली तरी त्या उठल्या नाहीत. मी त्यांना हाताला धरून उठवलं. त्या मला एवढंच म्हणाल्या, “आमी लपलो नसतो तं?”

मी म्हणाले, “तर तुमची वाडी शेवटून पहिली आली असती.” ते खरं होतं, म्हणून आणखीच चीड आली.

सांगलीत

परतीच्या बसमध्ये मुक्ता खिडकीकडे तोंड करून बसली. तिनं नंतर वरिष्ठांना सगळं कळवलं, दोनतीनदा. वरिष्ठ म्हणाले, नोंद घेतली आहे. ती अजून त्याच नोकरीत आहे. मी तिला सोड म्हणत नाही, तिच्यावर घर चालतं.

मी सांगलीत येऊन सगळ्यांना आलूबोंड्याचं आणि रोडग्यांचं सांगितलं. एकदा रोडगे करूनही बघितले, गॅसवर. जमले नाहीत. हे मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे, कारण मागच्या आठवड्यात सुभद्राबाईंचा फोन आला. मुलाच्या मोबाइलवरून कधीमधी करतात.

मधल्या दिवसांचं मला थोडं माहीत होतं. पावसाळा गेला, पाणी उतरलं, पुढचा अख्खा हंगाम पात्रात कुणी गेलं नाही. मनोरा बांधून झाला. वर चढून लोक बघायला लागले तर खाली नुसती बेशरमाची रानटी झुडपं माजलेली. लोक तक्रार करायला लागले की जाहिरातीतल्या फोटोत हिरव्या वेली आहेत त्या कुठायत.

“मंग यंदा आमालेच बलावलं ना,” सुभद्राबाई म्हणाल्या. “रोजीनं. म्हने, तशाच येलीच्या ओयी लावून द्या.”

“आणि तुम्ही गेलात?”

“न जाऊन काय करता? पहाटंच जातो. पानी देतो, गवत काढतो. फाटक उघडाच्या आत बाहेर याव लागते. लोकायले दिसाचं नाई असं सांगतलं हाय.”

“झोपडी?”

“नाई जी. झोपड्याले मनाई हाय.”

“मग वाडी चांगली आली असेल,” मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं होतं.

“लय चांगली. रेती एक साल आराम केलेली ना. एक एक फळ असं, कवेत नाई मावत. लोक वरून फोटू काढतात. पन तोडता येत नाई, राखीव हाय. नीलगाई खातात, बाकीचं जाग्यावर सडते.”

 खानावळवालीच्या तोंडात जो प्रश्न कायम असतो तोच निघाला. “यंदा गोडीला कसं आहे?”

 

“मले काय मालूम, बाई,” त्या म्हणाल्या. “मी खाल्लं नाई.”